तिसऱ्या मजल्यावरचा कॅमेरा

सोमवारपासून मास्तरांच्या कंप्युटरवर कारखाना दिसेनासा झाला होता. काळ्या चौकोनात एक भिंगरी फिरायची आणि खाली ओळ यायची, 'कॅमेऱ्याशी संपर्क होत नाही'. मास्तर दुपारच्या चहानंतर अर्धा अर्धा तास त्या भिंगरीकडे बघत बसायचे. आज गुरुवार उजाडला तरी तिची फिरायची हौस फिटली नव्हती.

कारखाना म्हणजे फार काही नाही, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. तिथे मास्तरांनी एक्केचाळीस वर्षं कोट कापले. मग गुडघ्यांनी दगा दिला, जिने सुटले, तेव्हा मुलाने भिंतीवर कॅमेरा बसवून दिला. लोकांना वाटायचं, म्हातारा कारागिरांवर पाळत ठेवतो. लोकांना काय, काहीही वाटतं. मास्तर बघायचे ते कापणीचं टेबल. बारा फूट लांब, कापड घासून घासून गुळगुळीत झालेलं. त्याच्या एका टोकाला मास्तर कात्री चालवायचे आणि दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, थेट टेबलावरच मांडी घालून एक मुलगी काजं करायची. पुढे ती त्यांची बायको झाली. लग्नाआधीचं त्यांचं सगळं बोलणं त्या बारा फुटांवरून झालं, आणि तेही बहुतेक बटणांविषयी. ती जाऊन आता सहा वर्षं झाली होती. घरातल्या तिच्या फोटोसमोर मास्तरांना काहीच व्हायचं नाही. ते रिकामं टोक दिसलं की मात्र नजर हलायची नाही.

आणि आज तीन वाजता सुतार त्या टेबलावर करवत चालवणार होता. कारखाना हलवायला मुलाने तळमजल्यावर छोटं दुकान घेतलं होतं. टेबल मुळात त्या खोलीतच बनलेलं, अख्खं जिन्यातून उतरणं शक्य नव्हतं. "बाबा, घरात बारा फूट ठेवायचं कुठे? तुमच्या डोक्यावर?" असं मुलगा म्हणाला होता. त्याचं बरोबर होतं, म्हणून तर मास्तर जास्त चिडले. आता त्यांची एवढीच इच्छा उरली होती की टेबल अख्खं आहे तोवर एकदा डोळे भरून बघावं.

"अगं, बघतेस का जरा?" दीड वाजता त्यांनी सुनेला हाक मारली. ती घरूनच कंप्युटरवर पाइपलाइनींचे नकाशे काढायचं काम करायची.

"बाबा, मी चार दिवस काय माशा मारतेय? प्रोग्राम दोनदा काढून परत टाकला. आता कॅमेराच गेला असेल."

"मशीन टाके सोडायला लागलं की आपण लगेच मशीन खोलतो का? आधी सुई बघायची, मग दोरा, मग ताण. या टोकापासून निघ."

सून हसली, पण खुर्ची ओढून बसली. घरचं इंटरनेट ठणठणीत होतं. म्हणजे सुई ठीक. पासवर्ड मुलाने बदलला नव्हता, फोन करून खात्री झाली. "कारखान्यातल्या राउटरने कॅमेऱ्याला नवा पत्ता दिला असेल," म्हणत तिने कॅमेऱ्याचा शोध सुरू केला. कॅमेरा नाहीच. पुन्हा शोधलं, आणि यादीत कॅमेऱ्याचं नाव उगवलं! मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. चित्र येतंय येतंय म्हणेपर्यंत नाव गायब.

"परवाही असंच झालं," सून म्हणाली. "क्षणभर येतो आणि जातो."

"येतो म्हणजे जिवंत आहे. दोरा कुठेतरी तुटतोय. नानाला फोन लाव."

नाना म्हणजे कारखान्याचा इस्त्रीवाला. त्याची घडी पाहून सगळे त्याला कडकनाना म्हणत. उरलेले कपडे संपवायला तो एकटाच आता वर येत होता.

"नाना, भिंतीपाशी राउटरची पांढरी डबी आहे ना, तिचे दिवे लागलेत का?" सुनेने विचारलं.

"कुठले दिवे? बोर्ड बंद आहे."

"बंद का?"

"इस्त्री खाली ठेवली ना! इस्त्री खाली, बोर्ड बंद. मास्तरांचा नियम आहे."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. तीस वर्षांपूर्वी एका कोटाची बाही जळाली होती, तेव्हा त्यांनी नानाला असं काही फैलावर घेतलं की तो नियम त्याच्या हाडात मुरला. रविवारी मशीनं गेली, त्यांच्या वायरी निघाल्या, आणि वायरमनने राउटरचा प्लग इस्त्रीच्या बोर्डावर लावून दिला. नाना इस्त्री उचलायचा, राउटर डोळे चोळत उठायचा, तेवढ्यात पँट झालेली असायची आणि नाना बोर्ड बंद करायचा. चार दिवस मास्तरांच्या डोळ्यांवर मास्तरांनीच झापड बांधली होती. सून हसून हसून लाल झाली.

"नाना, इस्त्रीचा प्लग काढ आणि बोर्ड चालू ठेव," मास्तरांनी फोन घेतला.

"नियम मोडून?"

"अरे, मी सांगतोय ना!"

"तुम्हीच म्हणाला होतात, मी सांगितलं तरी ऐकायचं नाही."

"गाढवा, तेव्हा मी तरुण होतो!"

पलीकडे खटका वाजला. दोन मिनिटं भिंगरी फिरली आणि मग खोली उजळली. टेबल होतं. त्यावर ना कापड, ना कात्री. मास्तरांनी ते असं उघडं कधीच पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

सुतार वेळेआधीच आला होता. त्याने टेबलाच्या बरोब्बर मध्यावर पेन्सिलीची रेघ मारली आणि करवत उचलली.

"थांबा!" मास्तर कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून ओरडले. सुतार दचकून छताकडे बघायला लागला. "रेघ चुकलीय. नाना, खडू घे. खिडकीकडचं टोक अख्खं राहू दे."

"किती सोडू, मास्तर?"

"ती मांडी घालून बसायची तेवढं. आणि शेजारी तिची बटणांची टोपली."

नानाने टेप काढलीच नाही. त्यानेही तिला वीस वर्षं तिथे बसलेलं पाहिलं होतं. त्याने सरळ जाऊन खडू टेकवला. सुताराने मोजलं, तीन फूट भरलं.

"ठीक आहे, पण हा तुकडा न्यायचा कुठे?" सुताराने विचारलं.

मास्तर पडद्यावरच्या खडूच्या रेघेवर बोट फिरवत होते. शेजारची खुर्ची केव्हाच रिकामी झाली होती, हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आतून काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला आणि सून गळ्यात टेप अडकवून, धापा टाकत दारात उभी राहिली.

"बाबा, साडेतीन फूट सांगा. तुमच्या खोलीतलं कपाट मागे सरकवलंय. खिडकीपाशी साडेतीन बसतंय."