दाजींच्या गाडीचा सेल्फ

मिस्त्रीला दोनच प्रकारच्या गाड्यांचा राग होता. नव्या, कारण त्यांचं बॉनेट उघडलं तरी आत हात जात नाही, आणि दाजींची. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची गाडी वीस वर्षांची, आणि तिचा सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिली गिरकी देणारी मोटर, महानाटकी. दाजींच्या दारात रुसायचा आणि मिस्त्रीच्या दारात आला की शहाण्या पोरासारखा वागायचा. दहा वेळा किल्ली फिरवा, दहा वेळा गाडी चालू.

"आज सकाळी पुन्हा तेच. नुसतं टक्," दाजी म्हणायचे. "पाचव्या खेपेला लागला."

"आत्ता तर लागतोय, दाजी."

"तुझ्यासमोर लागणारच. चोर कधी फौजदारासमोर चोरी करतो का?"

तीन वर्षं हे चाललं होतं, दर महिना-दीड महिन्याला. मिस्त्रीनं बॅटरी बदलली, वायरी बदलल्या, शेवटी अख्खा सेल्फच नवा बसवला. नव्याचंही तेच रडगाणं. बायको म्हणाली, "एक तर तुमच्या हाताला यश नाही, नाहीतर दाजींच्या कानात खोट आहे." ती गमतीनं म्हणाली. त्याच्या मात्र जिव्हारी लागलं.

कारण तीन वर्षांपूर्वी ताई ज्या दुपारी गेली, त्या दुपारीही सेल्फ लागला नव्हता. तिच्या छातीत कळ आली, दाजींनी किल्ली फिरवली, टक्. पुन्हा फिरवली, टक्. शेजाऱ्याची गाडी मिळेपर्यंत अर्धा तास गेला आणि ताई दवाखान्याच्या पायऱ्यांवरच संपली. चारच दिवस आधी तो सेल्फ मिस्त्रीनं नेहमीची देखभाल म्हणून स्वतःच्या हातानं खोलून, साफ करून बसवला होता.

एवढंच असतं तर त्यानं नशिबाला बोल लावला असता. पण त्या दिवशी दुकानात नवे कार्बन नव्हते. कार्बन म्हणजे मोटरच्या पोटात वीज पोचवणारे, बोटाच्या पेराएवढे तुकडे. ते झिजले की मोटर मनात आलं तर फिरते. मिस्त्रीनं दुसऱ्या गाडीतून काढलेले अर्धेमुर्धे कार्बन बसवले. घरचीच तर गाडी, पुढच्या आठवड्यात बदलू. परक्या गिऱ्हाइकाला त्यानं असं काम कधीच दिलं नसतं. सख्ख्या बहिणीला दिलं. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळी माणसं घरात बसलेली असताना, तो गाडीखाली शिरला. एकदा किल्ली फिरवून बघायचंही धाडस झालं नाही. जुने कार्बन काढले, नवे घातले आणि जुने नाल्यात फेकून आला. हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

तेव्हापासून ते टक् त्याच्या मागे लागलं. दिव्याचं बटण, दाराची कडी, डब्याचं झाकण, कुठंही टक् झालं की ताई शेजारी उभी. रागावलेली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं विचारायची, "झालं का रे?" लहानपणी तो तिची सायकल दुरुस्त करायला बसला की ती याच सुरात विचारायची. दुकानात भर दुपारी, रस्त्यावर वर्दळ असताना, त्याला मानेवर तिचा श्वास जाणवायचा. तो मागे वळायचा नाही. वळलो आणि खरंच दिसली तर काय सांगायचं, याची त्याला भीती वाटायची.

मागच्या खेपेला त्यानं ठरवलं, आता सोक्षमोक्ष लावायचा. स्टिअरिंगच्या खाली एक छोटा दिवा बसवला आणि दाजींना समजावलं, "सेल्फ लागला नाही तर किल्ली तशीच धरून या दिव्याकडे बघा. दिवा लागला, म्हणजे वीज पोचतेय आणि दोष मोटरचा. नाही लागला, तर मोटर निर्दोष. किल्ली नाहीतर वायर बघायची."

"लागला तर मोटर," दाजींनी घोकलं.

बारा दिवसांनी ते आले ते सांगतच आले. "लागला! काल सकाळी. दिवा लख्ख आणि सेल्फ ढिम्म."

मिस्त्री मनाशी म्हणाला, म्हणजे मोटरच. नवी कोरी मोटरसुद्धा आपल्या हाताखालून गेली की दगा देते. त्यानं बॉनेट उघडलं, खाली वाकून मोटर चाचपली, आणि बोटाला चिकटपट्टी लागली.

दिव्याच्या वायरचं टोक पट्टीत गुंडाळलेलं, मोटरपाशी तसंच लोंबत होतं. उघडं टोक आधी गुंडाळून ठेवायचं आणि जोड सगळ्यात शेवटी द्यायचा, ही त्याची जुनी सवय. त्या दिवशी दाजी मध्येच म्हणाले होते, "आज ती असती तर साठीला लागली असती," आणि मिस्त्रीला पुढचं काही सुचलं नव्हतं. त्यानं बॉनेट लावून टाकलं होतं. जोड राहूनच गेला होता.

"दाजी, दिवा लागला होता? नक्की?"

"म्हणजे काय! डोळ्यांनी बघितला."

मिस्त्रीनं वायर वर ओढून त्यांच्यासमोर धरली. "ही जोडलेलीच नाही. चूक माझीच आहे. पण हा दिवा लागूच शकत नाही."

दाजी त्या टोकाकडे बघत राहिले. चाळीस वर्षं टपालकचेरीत सचोटीनं काढलेला माणूस. खोटं पकडलं गेल्यावर सारवासारव कशी करतात, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. ते स्टुलावर बसले.

"सेल्फ कधी बिघडलाच नाही," ते म्हणाले. "आता नाही आणि त्या दिवशीही नाही. मी किल्लीच फिरवली नव्हती."

"काय?"

"ती म्हणाली, छातीत दुखतंय. मी म्हणालो, पित्त असेल, पड जरा. मी पेपर वाचत होतो रे. अर्ध्या तासानं आत जाऊन बघतो, तर ओठ निळे. शेजाऱ्याला हाक मारली. त्यानं विचारलं, इतका वेळ काय करत होतात? तोंडातून निघून गेलं, गाडी लागत नव्हती. एकदा निघालं ते निघालं."

"आणि ही तीन वर्षं?"

"तू बॉनेट उघडून बसलास की मला दोन तास खरंच वाटतं, दोष सेल्फचाच होता. त्या रात्री तेवढी झोप लागते."

मिस्त्रीला असा संताप आला, की हातातला पाना त्यानं बेंचवर आपटला. माझ्या तीन वर्षांच्या झोपेचं काय, असं त्याला ओरडायचं होतं. पण पाठोपाठ छातीवरचा धोंडा उतरला. मी नाही. माझ्या हातून नाही. त्याला रस्त्यावर जाऊन नाचावंसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

"तुझं काम चोख होतं," दाजी खाली मान घालून म्हणाले. "मी वेळेवर किल्ली फिरवली असती तर गाडी लागलीच असती. ती आज असती. हे मला आता मरेपर्यंत वागवायचंय."

मिस्त्रीला गप्प बसणं सोपं होतं. साक्षात दाजींनीच त्याला सोडून दिलं होतं. पण लागलीच असती? त्या कार्बनवर? चार दिवस चालली होती. पाचव्या दिवशी?

"दाजी," तो म्हणाला, "त्या सेल्फमध्ये मी जुने कार्बन घातले होते. झिजलेले."

दाजींनी हळूच मान वर केली. "म्हणजे... फिरवली असती, तरी लागली नसती?"

त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की मिस्त्रीला ती बघवेना. हो म्हटलं तर हा माणूस आज झोपेल. नाही म्हटलं तर आपण झोपू.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. दाजी तरीही त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले.