गाडीकधी डॉट इन

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसत नाही, मी गंजत नाही, मला वाळवी लागत नाही. तरीही मी जुनी झाले आणि मोडीत निघाले. मी एक वेबसाइट आहे. गेल्या महिन्यापर्यंत मला नाव होतं, गाडीकधी डॉट इन.

हे नाव आबांनी ठेवलं. आकाराम आबा कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीत बसून तीस वर्षं त्यांनी एकाच प्रश्नाला उत्तर दिलं, "गाडी कधी?" निवृत्तीनंतरही लोक त्यांना मंडईत, लग्नाच्या पंगतीत तेच विचारत. शेवटी त्यांच्या मुलीने, संयोगिताने, मला तयार केलं. आबा वहीतून वेळा वाचत आणि ती टाइप करी.

तिने सांगितलेलं सगळं आबा आपल्या हिशेबाने बसवून घेत.

"म्हणजे होमपेज हा स्टँड. लिंक म्हणजे गाडी बदलायची. ब्राउझर ही गाडी, माणूस त्यात बसून येणार. आन् सर्व्हर?"

"सगळी पानं ठेवलेली असतात तो कॉम्प्युटर. कायम चालू."

"डेपो म्हण की सरळ! आन् डोमेन?"

"ते नाव, आबा. मुदत संपली की परत नोंदवायचं."

"म्हणजे गाडीवरची पाटी. पाटी न्हाय तर गाडी असून उपेग न्हाय."

नावाची नोंदणी त्यांनी स्वतःच्या मोबाइल नंबरावर केली आणि तोच नंबर हट्टाने होमपेजवरही घातला.

ती माझी चांगली वर्षं. पावसात गगनबावड्याचा घाट बंद झाला की आबा स्वतः स्टँडवर जाऊन खात्री करत, मगच माझ्यावर ओळ चढे. चंदगडच्या मुली मला बघून कॉलेजला निघत. "आबाचं हाय, म्हंजे खरं हाय," असं लोक म्हणत.

पुढे आबांना दम लागू लागला. संयोगिता तोवर पुण्याला नोकरीला गेली होती. चंदगडकडून येणारी पहाटेची गाडी सहा दहाऐवजी पाच चाळीसला सुटू लागली, तसा त्यांनी तिला फोन केला.

"तेवढं बदल की गं."

"रविवारी करते, आबा."

असे चार रविवार गेले. दोन आकड्यांचं काम होतं.

पाचव्या आठवड्यात चंदगडजवळच्या एका फाट्यावरून शालूबाई नावाच्या बाईंचा फोन आला. "पावणं, सहा दहाची गाडी कुठं हाय ओ? मालकांना दवाखान्यात न्यायचंय. तासभर भिजत हुबं हाय आमी."

आबा खाटेवर उठून बसले. "चुकलं माझं, बाई," ते म्हणाले. "गाडी मघाच गेली." त्या दिवशी ते जेवले नाहीत. मुलीला त्यांनी काहीच सांगितलं नाही. अकरा दिवसांनी ते गेले. मग तानाबाईंनी, तिच्या आईने, तिला हे सांगितलं.

दुखवट्याला माणसं बसलेली असत आणि आबांचा फोन वाजे. "गाडी कधी?" दर वेळी तानाबाई दचकून उठत. रक्षाविसर्जनाला राख नदीत न सोडता शेतात खड्डा करून वर आंब्याचं रोप लावायचं ठरलं होतं. थोरल्या मुलाने, अमरसिंहने, खड्ड्याशी उभं राहून फोनमधलं सिम काढलं, मोडलं आणि राखेत टाकलं.

"सुट्टी द्या आता माणसाला," तो म्हणाला.

संयोगिता शेजारीच उभी होती. तिने त्याला अडवलं नाही.

चार महिन्यांनी माझ्या नावाची मुदत भरत आली. आबांचा पासवर्ड तिला ठाऊक नव्हता. नवा हवा तर नोंदवलेल्या मोबाइलवर येणारा कोड हवा. नंबर तर कायमचा बंद झाला होता. तिने नाव नोंदवणाऱ्या कंपनीला मृत्यूचा दाखला पाठवला. उत्तर आलं, 'कृपया नोंदणीकृत क्रमांकावरून संपर्क साधावा.' तिने तीनदा लिहिलं. तीनदा तेच आलं.

मुदत उलटली आणि माझं नाव भलत्याच कुणीतरी घेतलं. आता ते टाइप केलं की पत्त्यांचा जुगार उघडतो. शालूबाईंच्या फाट्यावरच्या एसटी शेडमध्ये ते नाव अजून रंगवलेलं आहे.

अमरसिंहने ते पाहिलं. "मला ठावं असतं तर सिम मोडलं नसतं गं, संयू."

"मला ठाऊक होतं, दादा," ती म्हणाली.

सर्व्हरचा पासवर्डही ती विसरली होती, पण तो आबांच्या वहीच्या शेवटच्या पानावर निघाला. परवा ती त्या वाटेने माझ्यापर्यंत आली. कधी काळी तिनेच बांधलेली पानं तिने एकेक करून वाचली. चंदगडच्या पानावर थांबली. सहा दहा खोडून पाच चाळीस केलं. मिनिटभराचंही काम नव्हतं.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना तेल लागत नाही, रंग लागत नाही. आमच्यावरचं लिहिलेलं खरं राहील एवढंच कुणीतरी बघावं लागतं. घरातलं म्हातारं माणूस 'तेवढं बदल' म्हणालं, तर त्याच दिवशी बदला.

डेपोत मी अजून उभी आहे. माझ्यावरची प्रत्येक वेळ आता बरोबर आहे. पाटी नाही, म्हणून कुणी येत नाही.