हाताबाहेरचं

ओट्यावरून स्टीलची वाटी पडली आणि फरशीवर गरगरत राहिली. पडलेली वाटी काही लवकर थांबत नाही. आधी मोठ्यानं वाजते, मग बारीक, आणि आता थांबली म्हणावं तर अजून एक गिरकी घेते. घरात मौन चालू होतं, म्हणून ती जास्तच ऐकू आली.

पुढच्या खोलीत चटईवर बसलेल्या दयानंदनं डोळे उघडले नाहीत. नुसता डावा हात वर केला, पंजा उघडा, बोटं पसरलेली. याचा अर्थ असा की वाटी पडणं ही आपल्या हाताबाहेरची गोष्ट आहे आणि आपल्याला राग आलेला नाही. राग आलेला नाही हे सगळ्यांना कळावं म्हणून हात बराच वेळ वर होता.

वर्षाराणीनं वाटी उचलली, ओढणीनं पुसली. लेकीच्या नामकरणाला मामानं दिलेली वाटी, काठावर ‘विशाखा’ कोरलेलं. तिनं ती कपड्यांच्या बॅगेत फ्रॉकांच्या मध्ये ठेवली. सोमवारी तिला हिमायतनगर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून हजर व्हायचं होतं. विशाखा पाळण्यात असताना नर्सिंगची पुस्तकं पुन्हा काढून, एका हातानं झोका देत अभ्यास करून मिळवलेली नोकरी. मुखेड नांदेड जिल्ह्याच्या एका टोकाला, हिमायतनगर दुसऱ्या. रोज जाऊन-येऊन करायचं म्हटलं तर माणूस एसटीतच म्हातारा व्हायचा. उपकेंद्राच्या मागं राहायला खोली होती. लेकीला घेऊन तिथं राहायचं, असं वर्षाराणीच्या बाजूनं ठरलं होतं. दयानंदच्या बाजूनं मौन चालू होतं.

दयानंद मुखेडच्या एका खाजगी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचा. माणूस वाईट नव्हता. लेकीला ताप आला की तिला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारायचा, वर्षाराणीच्या परीक्षेला नांदेडपर्यंत सोबत गेला होता. पण उन्हाळा लागता लागता तो लातूरला एका निवासी शिबिराला गेला आणि परत आला तो शांत होऊनच. ‘मनावर ताबा’ असं शिबिराचं नाव. अमरेश सर म्हणून पांढऱ्या कुर्त्यातले एक गृहस्थ तिथं शिकवायचे की जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात, आपल्या हातातल्या आणि हाताबाहेरच्या. हातातली आली की उजवी मूठ मिटायची. हाताबाहेरची आली की डावा पंजा उघडायचा आणि सोडून द्यायची. एवढं जमलं की माणूस सुखी.

दयानंदला ते भलतंच लवकर जमलं. नळाला पाणी आलं नाही, डावा हात. सिलिंडर संपला, डावा हात. मायचे गुडघे, मोरीची तुंबलेली जाळी, विशाखाचे पाढे, सगळं डाव्या हातावरून वाहून गेलं. उजव्या मुठीत शेवटी टीव्हीचा रिमोट तेवढा राहिला.

शिबिरात कष्टाचा सराव पण सांगितला होता. आठवड्यातनं एकदा गरिबासारखं जेवायचं, म्हणजे श्रीमंतीची भीती जाते की गरिबीची, असं काहीतरी. दयानंदनं गुरुवार धरला. त्या दिवशी फक्त शिळी भाकरी आणि पाणी. पण शिळ्यानं त्याला पित्त व्हायचं, म्हणून वर्षाराणीनं सकाळी उठून त्याच्यासाठी शिळी भाकरी ताजी करायची. थंड पाण्यानं अंघोळ हाही सरावच. आता एप्रिलात गच्चीवरच्या टाकीतनं चहा होईल असं पाणी येतं. मग तिनं फ्रिजमध्ये बाटल्या भरून ठेवायच्या, आणि तो त्या अंगावर ओतून घेऊन कष्ट सोसायचा.

“दोन हजार वर्षांपूर्वी, माय,” तो एकदा जेवताना सरजाबाईंना सांगत होता, “रोमचा एक राजा होता. एवढं मोठं राज्य, पण लढाईच्या तंबूत बसून स्वतःला हेच बजावायचा. गरजा कमी ठेव. मन ताब्यात ठेव.”

सरजाबाईंनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. “त्याला सैपाक कोन करत व्हतं?”

दयानंदनं डावा हात वर केला.

“अन् हे समदं पौर्णिमेला विहारात भंतेजी सांगतेत की. हाव कमी करा म्हनतेत. तवा तू भिताडाला टेकून झोपतूस. फी भरल्यावर बरा जागा राहिलास.”

खरी पंचाईत वर्षाराणीची होती, कारण तिला हे सगळं शिबिर न करताच येत होतं. करपलेली भाकरी आपल्या ताटात घ्यायची, फुटक्या कानाचा कप आपल्याकडं ओढायचा, पंख्याखालची जागा सोडून झोपायचं. “मला चालतंय” म्हणायचं की झालं. ती हे इतकं सहज म्हणायची की हळूहळू तिला काय चालत नाही हे तिलाच आठवेना. मग नोकरीची ऑर्डर आली, आणि तिला कळलं की एक गोष्ट आहे जिच्याशिवाय तिला चालणार नाही. ती दचकलीच. एखाद्या बाईला स्वतःच्याच घरात अनोळखी माणूस भेटावा तसं झालं.

दयानंदनं त्या संध्याकाळी तिला चहा घेता घेता समजावलं होतं. प्रेमानंच समजावलं.

“समाधान बाहेर शोधायचं नसतं, वर्षा. ते आत असतं.”

“आत म्हणजे कुठं?”

“मनात.”

“मग ते मी हिमायतनगरला नेते की. वजन तर काही नसंल त्याला.”

“बघ. तुझी इच्छा तुझ्यावर राज्य करतेय.”

“तुमच्या कष्टाच्या बाटल्या भरून ठेवते,” ती म्हणाली आणि उठली. तेव्हापासून नोकरीचा विषय निघाला की त्याचं मौन सुरू व्हायचं.

तर शनिवारी वाटी थांबली, मौन संपलं, आणि दयानंदनं सवयीनं आधी फोन हातात घेतला. शिबिराच्या ग्रुपवर अमरेश सरांचा संदेश आला होता. या शिबिराचा ‘शांतचित्त साधक’ जाहीर झाला होता. सत्कार, शाल आणि पुढच्या शिबिरात मंचावर खुर्ची. खाली फोटो होता देवणीच्या माणिकप्पांचा. बैलांचा व्यापार करणारा, भरघोस मिशांचा, फोटोतसुद्धा डोळे मिटलेला माणूस.

दयानंदनं फोटो मोठा करून पाहिला. मग लहान करून पाहिला. कॉलेजात तीस पोरांसमोर बोलायची त्याची मराठी कुठल्या कुठं गेली.

“ह्यो? ह्यो माणिकप्पा? अरे, शिबिरात घोरत व्हता ह्यो. आमी समदे ध्यान करून राहिलो अन् ह्यो घोरून राहिला.”

“मंग शांतच झाला की,” सरजाबाई दारातनं म्हणाल्या.

“माय, तू गप. मी गुरुवार गुरुवार कोरडी भाकर खाऊन राहिलो, अन् शाल ह्याला? म्या तर रोज लेखी कळवलंय सरांना, आज किती येळा राग आला न्हाई ते.”

विशाखा चटईच्या कडेला येऊन उभी राहिली. सहा वर्षांची पोरगी, एक वेणी घातलेली, एक सुटलेली. तिनं अगदी गंभीरपणे डावा हात वर केला, बोटं पसरली. “पप्पा, हाताबाहेर.”

दयानंदनं फोन फेकला. दिवाणावरच्या लोडावर फेकला. तेवढा ताबा शिबिरानं दिला होता.

वर्षाराणीला हसू आलं. तिनं ओढणी तोंडावर धरली, पण शिबिरापासूनचं दाबलेलं हसू, ते ओढणीला ऐकतंय का.

“हस,” तो म्हणाला. “तुला काय. तू निघालीस. जा. तुझ्या हातात आसंल ते कर जा.”

“बरं,” वर्षाराणी म्हणाली.

एवढा छोटा शब्द. पण तो ऐकून दयानंदला कळलं की आपण काय बोलून बसलो. ती आत जाऊन बॅगेची चेन ओढायला लागली तेव्हा तो मागोमाग आला. केस सारखे केलेले, आवाज खाली, मराठी पुन्हा इस्त्रीची.

“नोकरी तुझ्या हातात. मी मध्ये येणार नाही. पण विशाखा येणार नाही. तिची शाळा इथं, तिची आजी इथं.” आणि त्यानं उजवा हात पुढं करून मूठ मिटली. “ती माझ्या हातात आहे.”

वर्षाराणी त्या मुठीकडं बघत राहिली. रिमोट सोडून पहिल्यांदाच त्यात काहीतरी आलं होतं.

“कालपर्यंत तिचा डबा, तिची वेणी, तिचे पाढे, सगळं डाव्या हातावर होतं तुमच्या.”

“मी शांतपणे सांगतोय, वर्षा.”

“ते दिसतंय.”

त्यानं बॅगेतले फ्रॉक काढून पलंगावर ठेवले. तिनं ते परत बॅगेत ठेवले. त्यानं परत काढले, आणि या वेळी त्यांच्यामधली वाटीही काढली. आवाज कुणाचाच चढला नाही. अमरेश सरांनी पाहिलं असतं तर दोघांना मिळून एक शाल दिली असती.

सरजाबाई गुडघ्यावर हात ठेवत पलंगाच्या कडेला बसल्या. वर्षाराणीला वाटलं, आता या बोलतील आणि एका घावात तुकडा पडेल. नेहमी पडायचा.

“मला इचारशील तर पोर मला हितंच पायजे,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू. घर खायला उठंल मला.” मग फ्रॉकच्या घडीवरून हात फिरवत म्हणाल्या, “पन तुझ्याबिगर ती घास खात न्हाई, हे बी खरंच हाय. मला काई सुचत न्हाई, बाई.”

दयानंद खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. त्याची मूठ अजून मिटलेली होती, आणि आता ती कशी उघडावी हे त्याला कळत नसावं. फ्रॉक पलंगावर होते, बॅगेतही नाही आणि कपाटातही नाही. वर्षाराणीचा एक हात बॅगेच्या चेनवर होता, दुसरा पिवळ्या फ्रॉकवर.

विशाखानं पलंगावरची आपली वाटी उचलली. काठावरच्या नावावरून बोट फिरवलं, वाटी काखेत दाबली आणि आईच्या पुढ्यात येऊन दोन्ही हात समोर धरले. घरात हा धडा नीट पाठ झालेली ती एकटीच. उजवी मूठ घट्ट मिटली, डावा पंजा उघडला, आणि आधी एका हाताकडं, मग दुसऱ्याकडं पाहून तिनं मान वर केली.

“मम्मी, मी तुझ्या कोणत्या हातात हाय?”