एका हाताचं बटण

पाळणाघराच्या अ‍ॅपमधलं ‘बाळ सोपवलं’ हे बटण वरच्या कोपऱ्यात होतं. कडेवर बाळ असताना आईला ते एका हातानं दाबता येत नाही, असं अ‍ॅप वापरणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधिकेनं अहवालात कितीदा तरी लिहून दिलं. पण अ‍ॅप बनवणारा, ज्याला सगळे पंडित म्हणत, तो हसून म्हणायचा, “ताई, सवय झाली की जमतं.” सोमवारी अ‍ॅप लोकांच्या हाती जाणार होतं. शेवटी तिनं चाचणीच्या वेळी त्यालाच शेजारी बसवलं. अट एकच, बघायचं, बोलायचं नाही.

समोर एक आई, कडेवर गुबगुबीत बाळ. तिनं बटणाकडे अंगठा ताणला, तो पोचेना. फोन घसरला, पाठोपाठ बाळही घसरलं. दोघांना सावरताना तिची तारांबळ उडाली. पंडिताला काही बसवेना. बोलायची तर बंदी, म्हणून त्यानं उठून सरळ बाळच उचलून घेतलं. आईनं दोन्ही हातांनी झटकन बटण दाबलं.

“बघा, जमलं की,” तो म्हणाला.

“जमलं ना. मग रोज सकाळी पाळणाघराच्या दारात बाळं धरायला तुम्हीच जा,” संशोधिका म्हणाली.

आई फिसकन हसली. तेवढ्यात बाळानं पंडिताचा चष्मा ओढला, आणि तो सोडवायला त्याचा हातच मोकळा नव्हता.

बाहेर कंपनीचे साहेब उभेच होते. “सोमवार नक्की ना?”

“नाही, साहेब. आधी बटण खाली आणतो,” पंडित म्हणाला. “आणि पुढच्या खेपेला तुम्हीही आत बसा.”

“मी कशाला? अहवाल येईलच की.”

“तो मलाही यायचा, साहेब.”