उखर्डूभाऊंचा लाल बस्ता

मी एक जुना बस्ता आहे. लग्नाचा नव्हे हं, मित्रांनो! शालू-साड्यांशी माझा कधी संबंध आला नाही. वकिलाच्या फायली ज्या लाल कापडात बांधून कोर्टात नेतात, तो मी.

माझा जन्म इथल्याच, बुऱ्हाणपूरच्या एका पॉवरलूमवर झाला. उखर्डूभाऊ मुन्शी, म्हणजे वकिलाचे कारकून; त्यांनी मला बाजारातून आणलं आणि त्यांच्या विमलबाईंनी माझ्या चारही कडा दुमडून शिवल्या. सत्तावीस वर्षांत एक टाका उसवला नाही. त्याच आठवड्यात भाऊंच्या महेशसाहेबांनी वकिली सुरू केली होती. साहेबांना कायदा पाठ होता, पण कोर्टात कुठं उभं राहायचं हेही ठाऊक नव्हतं. ते भाऊंनी शिकवलं. पुकारा कुठं आधी होतो, नक्कल कोणत्या बाबूकडे मिळते आणि वकिलानं गप्प कधी बसायचं, तेसुद्धा! पुढे साहेबांचं नाव झालं. महेश वकिलाची तारीख कधी चुकत नाही, असं लोक म्हणू लागले. ती का चुकत नव्हती, ते मला माहीत होतं.

भाऊंची एक पद्धत होती. ज्या कामाची मुदत संपत आली, त्या फायलीचा कोपरा ते माझ्या घडीतून बोटभर बाहेर ठेवत. साहेबांनी तो पाहिला की समजायचं, आधी ही.

निंबोल्याच्या सरस्वतीबाईंच्या फायलीचा कोपरा असाच तीन दिवस बाहेर होता. विहिरीतल्या हिश्श्यावरून त्यांचा दिराशी दावा होता आणि खालच्या कोर्टात त्या हरल्या होत्या. अपील तीस दिवसांत करायचं होतं. विहीर गेली असती तर बाईंची केळी उभी वाळली असती. कागद टाइप होऊन तयार होते, फक्त साहेबांची सही हवी होती. पण साहेब वकील संघाच्या निवडणुकीला उभे होते आणि त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

"साहेब, निंबोल्याची मियाद शुक्रवारी खतम होते, बरं का," भाऊ म्हणाले.

"अरे हो, उद्या करतो ना."

शुक्रवारी भाऊंनी प्रचाराच्या गर्दीत शिरून साहेबांची बाही धरली. साहेबांनी ती हसत हसत सोडवून घेतली. निवडणूक साहेब जिंकले. बाईंची मुदत मात्र टळून गेली.

सोमवारी साहेबांचा चेहरा उतरला होता. उशीर माफ व्हावा म्हणून कोर्टात अर्ज द्यायचा होता, आणि असल्या अर्जात चूक मुन्शीच्या नावावर लिहायची रीत आहे. साहेबांनी भाऊंपुढे शपथपत्र सरकवलं. 'फाइल माझ्या हलगर्जीपणामुळे दुसऱ्या बस्त्यात गेली,' असं त्यात होतं. मित्रांनो, दुसरा बस्ता नव्हताच! मी एकटाच होतो.

"सही कर दे बाबा. तुझ्या-माझ्यात काय? बाईंना मी समजावून सांगतो नंतर."

"बाईची विहीर वाचते ना साहेब? मग झालं," भाऊ म्हणाले आणि त्यांनी सही केली.

अर्ज मंजूर झाला. पण ते शपथपत्र भर कोर्टात वाचलं गेलं, आणि सरस्वतीबाई तिथेच उभ्या होत्या. "मुन्शीभाऊ, तुम्ही?" एवढंच त्या म्हणाल्या. भाऊंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब फाइल चाळत होते.

मग कुजबुज सुरू झाली. दिरानं मुन्शीला फोडलं, असं लोक बोलू लागले. भाऊ चहाला गेले की टपरीवरचं बोलणं थांबे. "लोक बोलतात रे, थोडे दिवस राहू दे," म्हणत साहेबांनी सगळं काम संगणकावर बसणाऱ्या अमृताकडे दिलं. तरी भाऊ रोज येत, मला झटकत आणि बाकावर बसून राहत. साहेब बाईंना आज सांगतील, उद्या सांगतील, अशी वाट पाहत. मला संताप येई. त्यांना येत नसे, याचंच मला फार वाईट वाटे.

दीड वर्षानं बाई अपील जिंकल्या. मावा जिलेबीचा पुडा घेऊन त्या आल्या. साहेबांना दिली, अमृताला दिली, शेजारच्या टेबलांवर दिली. भाऊंपाशी आल्यावर त्यांनी पुडा मिटला आणि पुढे गेल्या. साहेबांनी ते पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. साहेबांनी तोंडातला घास गिळला आणि बाईंचं अभिनंदन केलं.

भाऊंनी मला साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली.

"फायली पाहून घ्या, साहेब. एकही इकडची तिकडं झाली नाही."

"बस ना, उखर्डू..."

भाऊ बसले नाहीत. ते परत कधी आलेही नाहीत. चार महिन्यांनी ते गेल्याची बातमी आली. शोकसभेत साहेब म्हणाले, "सोन्यासारखा माणूस होता माझा मुन्शी," आणि ढसाढसा रडले. ते रडणं खोटं नव्हतं. सरस्वतीबाई आल्या नव्हत्या. त्यांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

आता मी कपाटावर पडून आहे. उद्या कुणी मला फरशी पुसायला घेतलं तरी माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे, मित्रांनो. ज्याच्या हातांनी तुमचं काम सावरलं, त्याच्यावर आळ आला तर बोला. तो ऐकू शकतो तोवर बोला, आणि ज्यांच्यासमोर आळ आला त्यांच्यासमोरच बोला. मी पडलो कापड. खरं काय ते सगळं माझ्या पोटात होतं, पण मला तोंड नव्हतं.