चुकून ये

खुट्ट.

‘शिडीचा पाय भिंतीपासून किती लांब ठेवायचा, सांगा बघू,’ असं विचारून ती लॅपटॉपकडे बघत गप्प बसली होती. दर गुरुवारी साडेअकराला, बेडरूममधल्या टेबलावरून, ती असे प्रश्न विचारायची. अकरा प्रेक्षकांपैकी कुणीतरी उत्तर लिहीपर्यंत खोली चिडीचूप असायची. त्या शांततेत दाराचं हँडल खाली गेलं, आणि तिची चार वर्षांची खारू, एका पायात चप्पल, फ्रॉक पोटापर्यंत भिजलेला, अशी आत येऊन खणखणीत आवाजात म्हणाली, ‘आई, शी झाली! ये ना लवकर!’

अकराचे चारशे झाले. संध्याकाळपर्यंत नऊ हजार.

गोदामांना सुरक्षेचं प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीत ती नोकरीला होती. नोकरी-धंद्यातल्या माणसांच्या ज्या नेटवर्कवर जो तो फोटोत कोट घालून हसतो आणि सकाळी उठल्याउठल्या कृतज्ञ असतो, त्यावर लाइव्ह जायची कल्पना तिचीच. तिच्या पहिल्या नोकरीत एक हमाल तिच्या डोळ्यांदेखत शिडीवरून पडला होता. शिडी नीट टेकवली असती तर आज तो चालत असता. चार फूट उंचीला एक फूट बाहेर. एवढं सांगायला किती वेळ लागतो? सहा महिने ती जीव तोडून सांगत होती. नऊ हजार माणसं मात्र आली ती खारूची शी ऐकायला.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा चेहरा नातू झाल्यासारखा फुलला होता.

‘मॅडम, कमाल केलीत! अहो, लोक म्हणताहेत किती खरं, किती आपलं!’

‘सर, शिडीबद्दल कुणी काही लिहिलंय?’

‘शिडी कुठे पळून जातेय? आपली खारू कशी आहे?’

तिच्या लेकीचं घरातलं नाव साहेबांच्या तोंडून ऐकून तिला कसंसंच झालं.

‘या गुरुवारीही येऊ द्या तिला,’ साहेब म्हणाले. ‘चुकून.’

‘चुकून म्हणजे?’

‘म्हणजे आपलं... साधारण दहाव्या मिनिटाला चुकून. तोवर गर्दी जमते.’

‘माझी मुलगी कंपनीच्या हजेरीपटावर नाही, सर.’

साहेब हसले. विनोद आवडल्यासारखे.

जागेवर येऊन तिने त्या दिवसाच्या सगळ्या कॉमेंट्स पहिल्यापासून वाचायला घेतल्या. गोडुली, पिल्लू, लाल बदाम, हसून हसून रडणारे चेहरे. त्या ढिगाऱ्याखाली, खारू आत आली त्याच मिनिटाला लिहिलेली एक ओळ होती. दर आठवड्याला न चुकता येणाऱ्या एका सुपरवायझरची. ‘मॅडम, आमच्या रॅकचा खांब खाली वाकलाय. वर माल चढवणं चालू आहे. चालू ठेवू का?’

चार दिवस ती ओळ तिथे पडून होती. कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिनेही नाही.

तिने त्याला कळवलं, ‘ताबडतोब थांबवा.’ त्याचं उत्तर लगेच आलं. ‘मी सांगून थकलो. मालक म्हणतात, तुला काय कळतं. तुम्ही गुरुवारी लाइव्हमध्ये बोला, मी त्यांना समोर बसवून दाखवतो. तोवर माझी माणसं तरी मी त्या बाजूला जाऊ देत नाही.’

म्हणून हा गुरुवार तिला हवा होता. दहा मिनिटं, एक वाकलेला खांब आणि ऐकणारे कान. बस.

बुधवारी नवरा भांडी पुसता पुसता म्हणाला, ‘तुझ्या साहेबांचा फोन आला होता.’

‘तुला?’ तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘काम माझं, आणि फोन तुला?’

‘अगं, चिडतेस काय? सहज बोलले. पोरगी माझीपण आहे ना? दोन मिनिटं दिसली तर काय बिघडतंय?’

‘मग तुझ्या मीटिंगमध्ये सोड तिला. ओरडू दे तिथे, शी झाली म्हणून.’

‘माझ्याकडे कोण बघतंय?’

‘तिच्याकडे बघत नाहीयेत रे ते! हसताहेत. मोठी होऊन तिने हे पाहिलं तर काय सांगशील?’

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. ‘बरं बाई, धरून ठेवतो स्वयंपाकघरात,’ म्हणाला. तिने विश्वास ठेवला. नाहीतर दाराला कडी तरी कुठे होती? खारूने एकदा आतून लावून घेतली, तेव्हा दोघांनीच ती काढून टाकली होती.

गुरुवारी साडेअकराला तीन हजार माणसं हजर होती. ‘छोट्या मॅडम कुठायत?’ ‘आज शी नाही का?’ ती दुर्लक्ष करत राहिली. मग एक ओळ आली: ‘मालक शेजारी बसलेत.’

तिने कागदावर काढलेला रॅक कॅमेऱ्यासमोर धरला. ‘हा खांब बघा. फोर्कलिफ्टची धडक बसून तो इथे वाकलाय. लोकांना वाटतं, उभा आहे ना, मग झालं. पण—’

खुट्ट.

खारू दारात उभी होती. अंगात नवा पिवळा फ्रॉक, केस चापून बसवलेले, दोन्ही पायांत चपला. पाठांतराला उभं केल्यासारखी. तिच्यामागे बोळात नवऱ्याचा खांदा दिसला आणि चटकन बाजूला झाला.

‘आई, शी झाली,’ खारू म्हणाली. तिला शी झालेली नव्हती.

पडद्यावर बदामांचा पूर आला. सुपरवायझरची ओळ वर वर जात नाहीशी झाली. तिने कॅमेऱ्यावर तळहात दाबून धरला.

‘दिसणार काही नाही, पण ऐका,’ ती म्हणाली. आपला आवाज इतका चढेल असं तिला वाटलं नव्हतं. ‘वाकलेला खांब भार पेलत नाही. तो फक्त अजून पडलेला नाही, इतकंच. माल चढवणं आत्ता थांबवा. त्या खांबाच्या दोन्ही बाजूंचे खण वरून खाली रिकामे करा. खांब बदलेपर्यंत खाली कुणी फिरकता कामा नये. मालकसुद्धा!’

काळ्या पडद्याकडे बघायला कोण थांबतंय? तीन हजारांचे नऊशे झाले, नऊशेचे दोनशे. फोनवर साहेबांचं नाव लुकलुकत होतं. मग, अगदी तळाशी: ‘मालक ऐकताहेत. पुन्हा एकदा सांगा.’

तिने पुन्हा सांगितलं. सावकाश, शब्दन् शब्द. तोवर खारू उभी होती तिथून हललीसुद्धा नव्हती. बाबांनी सांगितलेल्या जागेवर, हात मागे बांधून. आईचा चेहरा तिने नीट न्याहाळला. खालचा ओठ किंचित पुढे आला.

‘आई,’ तिने हळूच विचारलं, ‘मी नीट चुकले ना?’