सासूबाईंचं पांढरं पातळ

यंदा पांढुर्ण्यात थंडी आली ती घाईतल्या पाहुण्यासारखी. सकाळी सहाला तोंड दाखवायची आणि आठाच्या आत परत जायची. तरी आमचे यजमान उत्तमराव रोज जॅकेट घालूनच ऑफिसात जायचे. गाव जिल्हा झालं, तेव्हा थंडीही जिल्ह्याला शोभेल अशीच मानायला हवी. दुपारी घामाघूम होऊन घरी जेवायला यायचे, पण जॅकेटची चेन काही उघडायचे नाहीत.

मग मीच का मागे राहू? मोबाइलवर एक बाई रोज सांगायची की हिवाळ्यात स्वतःच्या हातानं काहीतरी करावं, मन शांत होतं. माझं मन शांतच होतं, पण म्हटलं, आणखी होत असेल तर बिघडलं काय? गोधडी शिवायचं ठरवलं. माझ्या सासूबाई, सुशीलाबाई, आठ दिवस बहिणीकडे रामाकोन्याला निघाल्या होत्या. जाताजाता म्हणाल्या, "शिवाची हाय तं शिव बाप्पा. पेटीतले जुने पातळं घेजो." मला तेवढा हुकूम पुरे झाला.

अंगणात सतरंजी, उन्हात पाय, हाताशी उकडलेल्या तुरीच्या शेंगा, आणि समोर शेजारच्या कलाबाई. कलाबाईंना सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून त्या दुसऱ्यांचे टाके तपासतात. खरं सांगते, फार मजा आली. वरून रंगीबेरंगी तुकडे लावले आणि खालून अस्तराला एक अख्खं पांढरं पातळ, न कापता, चौपदरी घडी करून. आम्हा बौद्धांच्या घरात पांढऱ्या पातळांना काय तोटा? बुद्धपौर्णिमेला पांढरं, विहारात पांढरं, लग्नात पांढरं, मयतीलाही पांढरंच. पेटीच्या तळाशी धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक सापडलं, सगळ्यांत मऊ. मला वाटलं, वापरून वापरून मऊ झालं असेल. एवढी अक्कल मी कुणाला न विचारता, एकटीनं चालवली.

सासूबाई परतल्या तशी मी गोधडी त्यांच्या मांडीवर टाकली आणि कौतुक ऐकायला उभी राहिले. त्यांनी वरून हात फिरवला. "चांगली झाली वं अर्चना," म्हणाल्या. मग उलटी केली. बारीक निळ्या काठावर त्यांचा हात थांबला.

"हे कुठचं घेतलं?"

"पेटीतलं, आई. तळाशी फडक्यात बांधलं होतं."

"माह्या लग्नाचं होय हे. एक डाव नेसली होती. सोनालीसाठी ठेवलं होतं."

सोनाली माझी नणंद. फेब्रुवारीत तिचं लग्न. आईचंच पातळ नेसून उभी राहीन, असं ती लग्न ठरायच्या आधीपासून सांगत होती. ती दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. कुणी ओरडलं असतं तर मी दोन शब्द उलट सुनावले असते, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण कुणी संधीच दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई अंगणात बसल्या आणि सुईच्या टोकानं एकेक टाका उसवू लागल्या. मी म्हटलं, "द्या आई, मी उसवते."

"राहू दे. तू मन शांत कर," त्या म्हणाल्या. मोबाइलवाल्या बाईची हकिगत कलाबाईंनी पोचवली होती, हे उघडच होतं.

आठ दिवस हेच चाललं. मी दुहेरी दोऱ्यानं, तांदळाएवढे टाके घातले होते, आणि तेव्हा मला त्यांचा भारी अभिमान होता. एक ओळ उसवली की सासूबाई ओल्या बोटानं भोकं चोळायच्या, कापड उन्हाकडे धरायच्या आणि पुढची ओळ घ्यायच्या. भोकं कमी व्हायची, जात नव्हती. मी चहा नेऊन ठेवायचे, रिकामा कप उचलून आणायचे. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

नवव्या दिवशी त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे न पाहता गोधडीचं एक टोक पुढे सरकवलं.

"घे. इकडून तू उसव. घाई नोको करजो, फाटन."

मी बसले. पहिलीच गाठ सुटेना. नखानं ओढली, सुईनं टोकरली, तरी सुटेना. सासूबाई पाहत होत्या.

"केवढा पक्का टाका मारते वं तू," त्या म्हणाल्या. "सोनालीच्या लग्नाचं पोलकं तूच शिवजो. दर्जी असे टाके नाई घालत."

मान खाली घालून मी ती गाठ सोडवत राहिले, आणि सोडवता सोडवता रडले.